पहिले घर : बेळगाव परिसरात पैशाची आणि कागदपत्रांची तयारी कोणत्या क्रमाने करावी?

वडगावकर

नमस्कार. आम्ही दोघे बरीच वर्षे वडगावात भाड्याने राहत आहोत. यजमान उद्यमबागेतील एका कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि मी खासगी शाळेत शिकवते. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना ६२,००० रुपये असून घरभाडे ८,००० रुपये आहे. शिल्लक साधारण ९ लाख आहे. त्यांपैकी साडेतीन लाख एका पतसंस्थेत मुदत ठेवीत, थोडी रक्कम पिग्मीत आणि बाकीची राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. आमच्या दोघांच्या नावे कोठेही घर नाही. खानापूर तालुक्यातील गावचे घर सासऱ्यांच्या नावावर आहे.

सध्या समोर दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे टिळकवाडीच्या बाजूचा दोन बेडरूमचा जुना फ्लॅट, ४२ लाखांचा. दुसरा म्हणजे शहरालगत ग्रामपंचायत हद्दीत ३० बाय ४० च्या जागेवर बांधलेले घर, २६ लाखांचे. पण तो व्यवहार 'बाँडवर', म्हणजे खरेदीपत्राची नोंदणी न करता नुसत्या स्टँपपेपरवर लिहून, होईल असे एजंट सांगतात. पायाखालची जमीन आपली असावी, असे सासऱ्यांचे म्हणणे असल्याने घरात दुसऱ्या पर्यायाकडे कल आहे. दीड-दोन वर्षांत घर घ्यायचे आहे. तोपर्यंत काय तयारी करावी आणि कोणत्या क्रमाने करावी, हे जाणकारांनी सांगावे. आम्हाला कन्नड बोलता येते, वाचता मात्र जेमतेम येते.

टिळकवाडीकर

ताई, मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आकड्यांपासून सुरुवात करतो. मात्र एक गोष्ट आधी सांगणे आवश्यक आहे. आपण किंमत पाहून पर्याय मांडले आहेत, आणि आपल्या भागात नेमका हाच क्रम उलटा करावा लागतो. कागद कोणत्या प्रकारचा आहे यावर बँक कर्ज देणार की नाही हे ठरते, आणि कर्ज किती व किती व्याजाने मिळते यावर आपली ऐपत ठरते. म्हणून २६ लाखांचे घर ४२ लाखांच्या घरापेक्षा स्वस्त आहे, असे गृहीत धरू नये.

हिशेब करून पाहा. बाँडवरच्या घराला बँक गृहकर्ज देत नाही. म्हणजे आपल्याकडचे सर्व ९ लाख घातले तरी उरलेले १७ लाख एखाद्या पतसंस्थेकडून घ्यावे लागतील. तेथे १४ टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे २६,४०० रुपये होतो. याउलट स्वच्छ कागदाच्या घरावर बँकेकडून २८ लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २४,३०० रुपये येतो. मुदत दुप्पट आहे हे खरे, पण महिन्याच्या पगारातून जाणारी रक्कम कमीच आहे, आणि हाती येणारे घर उद्या विकता किंवा तारण ठेवता येण्यासारखे आहे.

तरीही ४२ लाखांचा फ्लॅट मी आपल्याला सुचवणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, तर ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे या फ्लॅटसाठी जास्तीत जास्त ३३.६ लाख मिळतील आणि हप्ता २९,००० च्या पुढे, जवळजवळ निम्मा पगार, जाईल. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क या किमतीत धरले जात नाही, ते पूर्णपणे स्वतःच्या खिशातून द्यावे लागते. कर्नाटकात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावरचे उपकर व अधिभार मिळून शहरी भागात ५.६ टक्के आणि नोंदणी शुल्क २ टक्के आहे. हे नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पूर्वी १ टक्का होते, त्यामुळे जुन्या ओळखीच्या लोकांनी सांगितलेला आकडा धरून चालू नका. एकूण ७.६ टक्के म्हणजे ४२ लाखांवर ३ लाख १९ हजार. ही आकारणी प्रत्यक्ष किंमत आणि सरकारी गाइडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली किमान किंमत, यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर होते.

माझ्या मते आपले घर ३२-३३ लाखांच्या आसपास शोधावे. ३३ लाखांच्या घराला २५ लाख कर्ज घेतल्यास हप्ता सुमारे २१,७०० रुपये, म्हणजे पगाराच्या ३५ टक्के होतो. स्वतःचे ८ लाख, शुल्क अडीच लाख, वकील, मूल्यांकन, बँकेची प्रक्रिया फी, रंगरंगोटी आणि एजंटची दलाली यांसाठी ८०-९० हजार, असे साडेअकरा लाखांपर्यंत रोख लागेल. ही मर्यादा सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदानासाठी वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते, आणि पती, पत्नी व अविवाहित मुले यांच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे लागते. हातातल्या पगारावरून आपले उत्पन्न साडेसात लाखांच्या आसपास दिसते, पण कापण्यांपूर्वीचा आकडा तपासून घ्या. अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये असते. ४२ लाखांचा फ्लॅट किमतीमुळे बाद होतो. २६ लाखांचे घर किमतीत बसते, पण बँकेचे कर्जच नसल्याने अनुदानही नाही.

आता पुढची दोन वर्षे. भाडे ८,००० आणि होणारा हप्ता २६,००० धरून, मधला १८,००० चा फरक पुढच्या महिन्यापासूनच आवर्ती ठेवीत टाका. ही हप्त्याची रंगीत तालीम आहे. दोन वर्षांत ४ लाख ३२ हजार आणि व्याज जमेल, आणि शाळेच्या सुट्टीत पगार उशिरा झाला किंवा कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला तर घर चालते का, हेही कर्ज अंगावर येण्यापूर्वीच कळेल. मी जाणूनबुजून २१,७०० ऐवजी २६,००० धरले आहेत, कारण बदलत्या दराच्या कर्जात हप्ता किंवा मुदत वाढू शकते.

पतसंस्थेतील ठेवीबद्दल एक स्पष्ट सूचना. बँकांतील ठेवींना, सहकारी बँकांसह, ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण असते; पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. आपली संस्था कितीही चांगली असो, घराचे पैसे मुदत संपताच बँकेत आणावेत. पिग्मी चालू ठेवायला हरकत नाही. रोज थोडे बाजूला टाकण्याची सवय लावण्यासाठी १९२८ पासून कर्नाटकात रुजलेली ही पद्धत आजही उपयोगी आहे, पण तिच्यावरचे व्याज पाहता मोठी रक्कम तिच्यात ठेवू नये.

आणखी एक, जे आपल्याकडे फार होते. यजमान कारखान्यातील कोणाला जामीन राहिले आहेत का? भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि बँकेच्या कर्जाला दिलेली जामीनकी सिबिलच्या, म्हणजे कर्जांच्या इतिहासाच्या, अहवालातही दिसते. दोघांचेही अहवाल आताच मागवून पाहा आणि घर होईपर्यंत नवी सही कोठेही करू नका. नाही म्हणताना अवघड वाटते, याची मला कल्पना आहे.

उद्यमबाग

टिळकवाडीकर काकांचा हिशेब बरोबर आहे, पण चित्र एकाच बाजूने मांडले गेले आहे असे मला वाटते. माझ्या ओळखीची शंभरेक कुटुंबे बाँडवर घेतलेल्या घरांत राहतात. त्यांच्याकडे घरपट्टीच्या पावत्या आहेत, हेस्कॉम या वीज कंपनीचे मीटर आहे, रस्ता झाला आहे. ज्याला पगाराची स्लिप मिळत नाही, ज्याचा पगार रोख होतो, अशा कामगाराला बँक दारातही उभी करत नाही. त्याने काय जन्मभर भाडे भरावे? गुंठा-अर्धा गुंठा घेऊन घर बांधलेले हे सगळे लोक मूर्ख नव्हते.

खानापूररोड

उद्यमबाग, कोणालाही मूर्ख म्हणण्याचा प्रश्न नाही. ज्यांना दुसरा मार्गच नव्हता त्यांनी मिळेल तो मार्ग घेतला, आणि त्यांची घरे नियमित व्हावीत हीच माझीही इच्छा आहे. पण या ताईंना दुसरा मार्ग आहे. मी वकिलांच्या कार्यालयात दस्त तपासण्याचे काम करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

स्टँपपेपरवर लिहून, नोटरीसमोर सह्या करून दिलेल्या कागदाने मालकी बदलत नाही. १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला नोंदणीकृत खरेदीपत्र लागते. करार, वटमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या आधारे केलेली विक्री ही विक्री नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. घरपट्टीची पावती आणि विजेचे मीटर हे ताब्याचे पुरावे आहेत, मालकीचे नाहीत. अशा जागेच्या उताऱ्यावर मूळ शेतकऱ्याचेच नाव राहते. पुढे त्याचे वारस वाढतात, आणि एखादा वारस न्यायालयात गेला की पैसे देऊन राहणारा माणूस प्रतिवादी होतो. २०२५ मध्ये सरकारने राज्यभरच्या शहरांतील अनधिकृत मालमत्तांना बी-खाता, म्हणजे करासाठीची वेगळी नोंद, देण्याची मोहीम काढली. त्यामुळे कर भरण्याची व नोंदीची सोय झाली, पण बी-खाता म्हणजे मालकी निर्विवाद झाली असे नव्हे.

आता ताईंसाठी. आपल्या भागात जागा कोणत्या हद्दीत आहे यावर कागद बदलतात, हे आधी लक्षात घ्यावे.

महानगरपालिका हद्दीतील जुन्या वस्तीत सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर असतो आणि सिटी सर्व्हे कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे पी.आर. कार्ड, मिळते. हा भाग पूर्वी मुंबई इलाख्यात असल्यामुळे ही पद्धत आपल्याकडे आहे. बेंगळुरूकडच्या नातेवाइकांना ती ठाऊक नसते आणि त्यांचा सल्ला येथे अपुरा पडतो. त्यासोबत आता ई-खाता, म्हणजे पालिकेकडील मालमत्तेची संगणकीय नोंद, अनिवार्य आहे. ऑक्टोबर २०२४ पासून शहरी मालमत्तेची नोंदणी ई-खात्याशिवाय होत नाही, म्हणून विकणाऱ्याकडे तो तयार आहे का हे पहिल्या भेटीतच विचारावे. 'करून देतो' या उत्तरावर संचकार, म्हणजे इसार, देऊ नये.

ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तू या मालमत्तांच्या संगणकीय नोंदवहीतील नमुना ९ आणि नमुना ११-अ हे पाहायचे कागद आहेत. ११-ब असेल तर जमीन बिनशेती झालेली नाही किंवा आराखडा मंजूर नाही असे समजावे, आणि बँका तेथे सहसा मागे सरतात. जमीन एन.ए., म्हणजे बिनशेती, झाल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि लेआऊटची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एजंट पहिला कागद दाखवून दुसऱ्याबद्दल गप्प बसतात, म्हणून दोन्हींच्या प्रती स्वतंत्रपणे मागाव्यात. बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, लेआऊटमधील साइट असेल तर मूळ वाटपपत्र आणि त्यातील विक्रीवरील अटी वाचाव्यात.

कॅम्प, म्हणजे लष्करी छावणीच्या, भागातील मालमत्तेचा प्रकार पूर्ण वेगळा आहे. तेथील बऱ्याच जागांची जमीन संरक्षण खात्याची असून धारकाकडे फक्त बांधकामाचे किंवा भाडेपट्ट्याचे हक्क असतात. पहिल्या घरासाठी त्या वाटेला जाऊ नये, एवढेच म्हणतो.

बोजा दाखला, ज्याला सगळे ईसी म्हणतात, किमान ३० वर्षांचा काढावा. नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावर अलीकडच्या नोंदी मिळतात, २००४ पूर्वीच्या नोंदींसाठी उपनिबंधक कार्यालयात अर्ज करावा लागतो. पण ईसीमध्ये फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. पतसंस्थेने मूळ कागद ठेवून दिलेले कर्ज, तोंडी वाटणी किंवा न्यायालयात चालू असलेला दावा त्यात दिसेलच असे नाही. म्हणून मूळ खरेदीपत्र प्रत्यक्ष पाहावे, झेरॉक्स नव्हे, आणि एका मराठी व एका कन्नड दैनिकात वकिलामार्फत जाहीर नोटीस द्यावी.

वडिलोपार्जित मालमत्ता असेल तर सर्वांत जास्त वेळ वारसांवर द्यावा. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील जन्मसिद्ध वाटेकरी, म्हणून मुलांइतकाच हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच असल्याचे सांगितले. सांगली-कोल्हापूरला किंवा गोव्यात दिलेल्या बहिणींची सही 'नंतर घेऊ' असे भाऊ म्हणतात. ती खरेदीपत्रावर किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर आधी झाली पाहिजे. आमच्याकडे येणारे निम्म्याहून अधिक वाद याच एका सहीचे असतात.

चंदगडवासी

उपयुक्त धागा. मी कोल्हापूर जिल्ह्यातला, पण मुलांच्या शिक्षणासाठी बेळगावात घर पाहत आहे. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. येथे मिळते का? आणि खरेदीपत्र मराठीत करता येते का?

खानापूररोड

तशी सवलत कर्नाटकात नाही. तरीही पत्नीचे नाव सहमालक म्हणून घालावे. आवास योजनेतही घर कुटुंबातील स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावे असणे अपेक्षित आहे. बांधकाम व्यावसायिकाकडून प्रथमच विकल्या जाणाऱ्या ४५ लाखांपर्यंतच्या फ्लॅटला मात्र येथे मुद्रांक शुल्क कमी आहे. तो पर्याय असेल तर रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाकडील, नोंदणी पाहावी, आणि लेखी नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये, कारण त्याहून अधिक घेण्यास कायद्यानेच मनाई आहे. बांधकाम चालू असेल तर जीएसटीही लागतो. ४५ लाखांच्या आतील आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्राच्या घराला तो १ टक्का, एरवी ५ टक्के.

भाषेबाबत. सीमाप्रश्न न्यायालयात कोणत्याही टप्प्यावर असो, आपली नोंदणी कर्नाटकाच्या कार्यालयात होते आणि तेथे दस्त कन्नडमध्ये, काही वेळा इंग्रजीत होतो. ज्या भाषेत दस्त असेल त्या भाषेत तो आपल्याला कळला पाहिजे. आदल्या दिवशी मसुदा घरी आणावा आणि कन्नड वाचणाऱ्या, पण व्यवहारात पैशाचा संबंध नसलेल्या माणसाकडून ओळ न् ओळ समजून घ्यावी. चतुःसीमा, क्षेत्रफळ, सीटीएस किंवा आर.एस. (महसूल सर्व्हे) नंबर आणि नावे या चार ठिकाणी चुका होतात. आपली नावे मराठीतून कन्नडमध्ये आणि तेथून इंग्रजीत जाताना बदलतात. आधार, पॅन आणि दस्त यांत तीन वेगवेगळी रूपे असली की बँकेत फाइल अडते. ताईंकडे दोन वर्षे आहेत, तेव्हा आधार आणि पॅनवरची नावे आताच एकसारखी करून घ्यावीत. १९५६ पूर्वीचे कागद अनेकदा मराठीत, आणि त्याहून जुने मोडीत असतात. साखळीत असा दस्त असल्यास मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावे, 'ते जुने आहे, सोडा' असे कोणी म्हटले तरी.

हिंडलगा

मी बांधकाम अभियंता आहे. कागदांबद्दल पुरेसे आले आहे, म्हणून घराबद्दल थोडे. जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये घर पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. बेळगावचा पाऊस भिंतींची परीक्षा घेतो, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात नाल्यांकाठच्या सखल भागांत पाणी शिरले होते. बळ्ळारी नाल्याच्या बाजूचे घर असेल तर शेजारच्या जुन्या रहिवाशाला २०१९ मध्ये पाणी कोठवर आले होते, हे विचारा. तो विकणाऱ्यापेक्षा खरे सांगेल. काळ्या जमिनीवरच्या जुन्या बांधकामात दाराच्या चौकटीवरून तिरक्या जाणाऱ्या भेगा दिसल्या तर पाया तपासून घ्यावा.

नळाला पाणी किती दिवसांनी येते, बोअर एप्रिल-मेमध्ये चालते का आणि फ्लॅट असेल तर पाण्याच्या टँकरवर संघटनेचा खर्च किती होतो, हे मागील वर्षाच्या हिशेबावरून पाहावे. राकसकोप आणि हिडकल धरणांचे पाणी शहराला मिळते, पण प्रत्येक गल्लीचा अनुभव वेगळा आहे. आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजुरीप्रमाणे पूर्ण होऊन राहण्यास योग्य असल्याचा दाखला, मागा. १७ डिसेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात वीज-पाण्याची जोडणी आणि बँकेचे कर्ज देण्यापूर्वी ते पाहण्याचे निर्देश आहेत, त्यामुळे पूर्वी दुर्लक्षित राहणारा हा कागद आता अडवू शकतो.

निपाणीकर

एक पुरवणी. काका, जुनी करप्रणाली घेतली तर गृहकर्जाच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट मिळते, हे आपल्या हिशेबात आले नाही.

टिळकवाडीकर

मुद्दाम घेतले नाही. नव्या करप्रणालीत स्वतः राहण्याच्या घरावरच्या व्याजाची वजावट नाही, आणि ताईंच्या कुटुंबातील दोन्ही पगार असे आहेत की नव्या प्रणालीत मुळात कर लागणार नाही. कर वाचवण्यासाठी मोठे कर्ज घ्यावे हा सल्ला त्यांच्यासाठी नाही. त्यापेक्षा २० वर्षांचे कर्ज घेऊन, बोनस आला की मुद्दल भरत जावे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. तेच २५ लाख १५ वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे २,९०० रुपयांनी वाढतो आणि एकूण व्याज साडेसात लाखांहून अधिक वाचते. पण सुरुवातीलाच १५ वर्षांची सक्ती स्वतःवर लादू नये.

वडगावकर

सर्वांचे मनापासून आभार. घरी सर्वांनी बसून हे वाचले. बाँडवरचे घर आम्ही सोडले आहे. सासऱ्यांना कायद्यापेक्षा २६,४०० आणि २४,३०० हे दोन आकडे पटले. यजमान एका सहकाऱ्याला बँकेच्या कर्जासाठी जामीन आहेत, असे अहवालात दिसले. त्या सहकाऱ्याचे हप्ते नियमित आहेत, तरीही आता ३३ लाखांच्या मर्यादेत पी.आर. कार्ड व ई-खाता असलेले घर शोधताना बँकेला ते आधीच सांगणार आहोत. आवर्ती ठेव सुरू केली. शेवटचा प्रश्न एवढाच की घर पसंत पडल्यावर संचकार किती द्यावा आणि त्या कागदात काय लिहून घ्यावे?

खानापूररोड

रक्कम शक्य तितकी लहान ठेवा, आणि ती चेकने किंवा बँक खात्यातून द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारल्यास ती स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे विकणाऱ्याला सांगितले की तोही ऐकतो. करारात पुढील गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. बँकेच्या वकिलाने कागद नाकारले किंवा बँकेच्या मूल्यांकनात किंमत कमी आली, तर संचकार ठरावीक दिवसांत पूर्ण परत करावा. ई-खाता, थकलेली घरपट्टी, पाणीपट्टी आणि विजेचे बिल यांची जबाबदारी खरेदीपत्राच्या दिवसापर्यंत विकणाऱ्याची असावी. सर्व वारस खरेदीपत्राला हजर राहतील, आणि मधल्या काळात मालमत्ता इतर कोणाला विकली किंवा गहाण ठेवली जाणार नाही. मुदत तीन महिन्यांहून कमी लिहू नका. कर्ज मंजुरी आणि नोटिशीचा काळ त्यात बसला पाहिजे.

विकणाऱ्याचे त्याच घरावर आधीचे कर्ज असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण आपल्या बँकेने थेट त्याच्या बँकेत रक्कम भरून मूळ कागद ताब्यात घ्यावेत, अशी व्यवस्था करारातच लिहा. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. आणि करार करण्यापूर्वी घर पसंत पडलेल्याच आठवड्यात पी.आर. कार्ड, ई-खाता, ईसी आणि मूळ खरेदीपत्राच्या प्रती बँकेच्या कर्ज विभागात दाखवा. बऱ्याच शाखांत प्राथमिक मत तोंडी का होईना, पण मिळते.